डोळ्यांना फरक कळत नाही

त्वचा विभागाच्या टोकाला, औषधांच्या कपाटामागे, एक बिनखिडकीची खोली होती. भिंतीवर करडं कापड, दोन बाजूंना दोन दिवे, मधे एक स्टूल आणि एक उंच खुर्ची. या खोलीत बाई एकोणीस वर्षं लोकांच्या कातडीचे फोटो काढत होत्या. हॉस्पिटलात त्यांना सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. चेहरे त्यांनी फारसे काढलेच नाहीत. पाठी, पोटऱ्या, कानामागच्या घड्या, बोटांच्या बेचक्या. लग्नाकार्यात कुणी "आमचा एक काढा ना" म्हणून मागे लागलं, की त्या सांगायच्या, "माझ्याकडून काढलात तर चामखीळ तेवढी झकास येईल, बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

काम दिसायला सोपं होतं. डागाशेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, रंगांचं कार्ड धरायचं आणि तीन फोटो घ्यायचे: लांबून, जवळून, अगदी जवळून. फोटो हॉस्पिटलच्या, फक्त डॉक्टरांनाच उघडणाऱ्या वेबसाइटवर चढवायचे आणि रुग्णांची खाजगी गोष्ट इकडेतिकडे राहू नये म्हणून संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकायचं. विभागाच्या डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तोवर दोन तासांच्या अंतरावरच्या मोठ्या हॉस्पिटलातले एक वयस्क डॉक्टर वेबसाइटवर फोटो पाहून मत लिहून पाठवत. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत.

एका मंगळवारी एक पोस्टमन आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बोलघेवडा. डाव्या टाचेच्या कडेला मसुराएवढा काळपट डाग होता.

"बायकोने पाहिला," तो खुर्चीवर पाय वर घेत म्हणाला. "मी म्हटलं, बुटाचा रंग लागला असेल. आठ दिवस घासत होतो. टाच लाल झाली, डाग तसाच."

बाईंनी दिवा सरकवला आणि भिंगातून पाहिलं. डागाची एक कड सरळ होती. दुसऱ्या कडेतून मात्र निळसर काळी, धाग्याएवढी बारीक शेपटी बाहेर निघाली होती. ती बाईंना आवडली नाही. निदान करणं त्यांचं काम नव्हतं, फॉर्मवर त्यांच्या मतासाठी रकानाही नव्हता. पण एकोणीस वर्षं तांदूळ निवडणाऱ्या माणसाला खडा दाखवावा लागत नाही. त्यांनी श्वास रोखून अगदी जवळचा फोटो घेतला. शेपटी लख्ख आली होती, पट्टीवरची रेघ न् रेघ मोजता येत होती. आता मोठे डॉक्टर बघतील, असं म्हणून त्यांनी फोटो चढवले आणि संध्याकाळी कार्ड पुसलं.

शुक्रवारी मत आलं. साधा डाग, काळजीचं कारण नाही, वर्षाने पुन्हा दाखवा. सिस्टरने पोस्टमनला कळवलं. तो जाताना बाईंच्या दारातून डोकावला आणि म्हणाला, "सुटलो बघा. घरी रडारड चालली होती नुसती."

बाई हसल्या, पण त्यांचं मन काही लागेना. पोस्टमन गेल्यावर त्यांनी वेबसाइटवर त्याचं पान उघडलं. पान झटकन उघडलं. टाच होती, डाग होता, शेपटी नव्हती. तिथे एक तपकिरी धुरकट पट्टा होता. शेजारच्या पट्टीवरच्या रेघा एकमेकींत विरघळून गेल्या होत्या.

पहिल्यांदा बाईंना वाटलं, आपलाच हात हलला. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या, लांब गेल्या. मग त्यांनी त्या आठवड्यातले दुसरे फोटो उघडले. एका मुलीच्या मानेवरची पुरळ मेण ओतल्यासारखी गुळगुळीत दिसत होती. मागच्या महिन्यातले उघडले. मग मागच्या वर्षातले. जिथे म्हणून बारीक काही होतं, तिथे सगळीकडे तोच लापशीसारखा गिचका. आपला हात एक वेळ आज हलला असेल. वेबसाइट सुरू झाल्यापासूनची अकरा वर्षं रोज हलत होता की काय? बाईंनी पडदा बंद केला आणि तडक तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

संगणक विभागाचे साहेब पस्तिशीचे होते, स्वच्छ कपड्यांचे आणि तोंडाचे गोड. त्यांनी बाईंना बसा म्हटलं. बाई उभ्याच राहिल्या.

"साहेब, माझे फोटो कुणी बदललेत का?"

"बदलले नाहीत, हलके केलेत," साहेब उत्साहाने म्हणाले. "तीन आठवडे झाले. आधी तुमच्या विभागाचं पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. आता बोट लावलं की उघडतं. परवाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं."

"हलके म्हणजे?"

"लहान. फाइल जड असते ना, ती पिळून हलकी करायची. वेबसाइटसाठी करावंच लागतं, बाई. सगळं जग करतं. आता तुम्ही फोटो चढवलात की मशीन आपोआपच करतं. डोळ्यांना फरक कळतसुद्धा नाही."

"कुणाच्या डोळ्यांना?"

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

"आणि मी काढलेले मूळ फोटो कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"मूळ ठेवून काय करायचं? जागा तेच तर खात होते. जुनेही सगळे केले, अकरा वर्षांचे. शनिवार-रविवार मशीन चालू ठेवलं, सोमवारी काम फत्ते. चार पंचमांश जागा मोकळी झाली आपली."

बाई तेव्हा बसल्या. अकरा वर्षं म्हणजे किती पाठी, किती टाचा, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात मावेना. वर्षानुवर्षं येणारी माणसं होती. तोच डाग गेल्या वर्षी केवढा होता आणि यंदा केवढा आहे, हे फोटोशेजारी फोटो ठेवूनच कळायचं.

"मला विचारायचंत तरी," त्या म्हणाल्या.

"फोटोंचा विषय नव्हता हो हा, जागेचा होता," साहेब म्हणाले. आणि यात आपण काही वावगं बोललो, असं त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं.

बाई तिथून अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं. सही करायच्या कागदांवरून मान वर न करता ऐकलं, हे वेगळं.

"लेखी द्या," ते म्हणाले. "पुढच्या बैठकीत घेऊ."

"साहेब, त्या पोस्टमनच्या पायाचं काय? मी भिंगातून पाहिलंय. ते डॉक्टरांच्या डोळ्यांपर्यंत गेलंच नाही."

आता अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही फोटो काढायचे, निदान डॉक्टरांनी करायचं. फोटो अस्पष्ट वाटला असता तर त्यांनी लिहिलं नसतं का? आणि राग मानू नका, पण वयाबरोबर हात सगळ्यांचाच थोडा हलतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

बाईंची कानशिलं तापली. जिना उतरताना त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरून पाहिला. हलत नव्हता. रागाने थरथरायला हवा होता, तोही थरथरत नव्हता. या हाताने त्या जिवंत, श्वास घेणाऱ्या, खोकणाऱ्या माणसांचे केसाएवढे डाग टिपत आल्या होत्या. आणि मागून कुणीतरी येऊन ते बोळ्याने पुसून टाकले, वर हात तुझाच हलला म्हणतात. चोर तो चोर आणि वर शिरजोर, दुसरं काय.

घरी गेल्या तेव्हा सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात या दोघीच असायच्या आणि दोघींचं बरं चालायचं. सून दुकानांच्या वेबसाइट बनवायची.

बाईंनी पर्स ठेवली आणि विचारलं, "तू पण फोटो लहान करतेस का गं?"

"दिवसभर तेच तर करते, आई. आत्ता सोफ्यांचे करतेय."

एवढं पुरे झालं. साहेबांवरचा, अधीक्षकांवरचा, सगळा राग सुनेवर निघाला. तुम्हा लोकांना सगळं पटकन हवं, पटकन उघडायला हवं, पटकन मिटायला हवं, आत काय होतं त्याचं सोयरसुतक नाही.  सुनेने लॅपटॉप अर्धा मिटला.

"आई, मी तुमच्या हॉस्पिटलात नोकरीला नाही. काय झालं ते सांगाल का? नाहीतर तुम्ही भांडून घ्या, मी तोवर भात लावते."

बाई खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं. सुनेने मधे एकदाच विचारलं, "मूळ फाइली पुसल्या? सगळ्या?" बाई हो म्हणाल्या, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

मग तिने बारीक चौकड्यांचा टॉवेल खुर्चीवर पसरला, त्याचा फोटो घेतला आणि लॅपटॉपवर उघडला. "हा मूळ. हा ऐंशी टक्के दर्जावर पिळला. काही फरक?"

बाईंनी नाक पडद्याला लावून पाहिलं. "नाही."

"आणि फाइल किती हलकी झाली ते बघा. म्हणून करतात लोक. यात काही पाप नाही. आता हा तीसवर, आणि मापालाही लहान."

चौकड्या गेल्या होत्या. टॉवेल साधा, मळकट निळा दिसत होता.

"शेजारशेजारच्या रंगांत थोडाच फरक असेल तर मशीन तो फेकून देतं," सून म्हणाली. "त्याला वाटतं, हे बारीकसारीक आहे, कुणाच्या लक्षात यायचं नाही. सोफ्याला चालतं ते. सोफा पुसट दिसला म्हणून कुणी मरत नाही."

"बारीकसारीक," बाई म्हणाल्या. "माझी अख्खी नोकरी बारीकसारीकच आहे."

"माहितीये मला. म्हणून तर सांगतेय, लहान करणं चुकलं नाही. सगळ्यांना एकच माप लावलं, ते चुकलं. आणि मूळ फेकलं, ते तर कुणीच करत नाही, आई. आमच्यातला शिकाऊ पोरगासुद्धा नाही करत."

"परत मोठा करता येईल?"

"मापाने येईल. पण लिंबू पिळल्यावर साल कितीही फुगवली तरी रस कुठून यायचा?"

बाई बराच वेळ टॉवेलाच्या घड्या घालत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुला उगाच बोलले."

"हो," सून म्हणाली. "उद्या त्यांना बोला."

पण दुसऱ्या दिवशी बाई कुणाशीच बोलायला गेल्या नाहीत. सकाळी त्या थेट पोस्टात गेल्या. पोस्टमन कप्प्यांसमोर उभा राहून पत्रं लावत होता. बाईंना पाहून तो आधी हसला आणि मग त्याचं हसू मावळलं.

"पुन्हा एकदा फोटो काढायचाय," बाई म्हणाल्या.

"का? डॉक्टरांनी बरं म्हटलंय ना. घरी सांगूनसुद्धा झालं माझं."

"म्हटलंय. पण फोटो नीट नव्हता."

"कुणी बिघडवला?"

खरं सगळं बाईंच्या जिभेवर होतं. पण खरं सांगितलं असतं तर हा माणूस घाबरला असता किंवा भांडायला तिसऱ्या मजल्यावर गेला असता. तिथे त्याला कुणीतरी लेखी द्या म्हणालं असतं आणि टाच तशीच राहिली असती.

"माझ्याकडून बिघडला," बाई म्हणाल्या.

"एवढी वर्षं काढताय म्हणत होतात."

"हो ना. होतं असं."

‘माझ्याकडून बिघडला’ म्हणताना त्यांना कडू काढा गिळल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची वेळ आली ती नेमकी खोटं म्हणायची.

दुपारी पोस्टमन आला. बाईंनी फोटो घेतला. शेपटी तिथेच होती. या वेळी त्यांनी फोटो वेबसाइटवर चढवलाच नाही. खोलीतल्या जुन्या प्रिंटरवर तो मोठा छापला, त्याची मूळ फाइल वेगळ्या कार्डात ठेवली आणि पोस्टमनकडून लिहून घेतलं की हा फोटो बाईंनी स्वतः मोठ्या डॉक्टरांना दाखवावा. त्याने सही केली आणि पहिल्यांदाच काही न बोलता बूट घातले.

सोमवारी बाईंनी रजा टाकली आणि दोन तास बसने मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. बाहेर बाकावर रुग्णांमध्ये दीड तास बसल्या. आत गेल्यावर मोठ्या डॉक्टरांना वाटलं, याच रुग्ण आहेत. त्यांनी हात पुढे केला, डाग दाखवा म्हणून. बाईंनी त्या हातात फोटो ठेवला.

डॉक्टरांनी तो खिडकीपाशी नेला. भिंग काढलं. शेपटीवरून ते दोनदा फिरवलं.

"हा माणूस कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पत्रं वाटतोय. तुम्ही शुक्रवारी त्याला साधा डाग लिहून पाठवलंत."

डॉक्टरांनी मान वर केली. बाईंनी नाव-नंबर सांगितला आणि त्यांनी आपल्या पडद्यावर ते पान उघडलं. मग छापलेला फोटो पडद्याशेजारी धरला. एकीकडे शेपटी, दुसरीकडे तपकिरी धूर. टाच एकच, कॅमेरा एकच, हात एकच.

"मला हा का दाखवला नाही?"

"मी हाच दाखवला होता," बाई म्हणाल्या आणि काय झालं ते सांगितलं. सुनेने शिकवलेलं सगळं सांगितलं, अगदी टॉवेलापर्यंत.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी डोळ्यांवरून चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा नवाकोरा होता.

"तीन आठवडे मला सगळं पुसट दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, डोळे गेले. हा मागच्या आठवड्यात करून आणला. बायकोला म्हटलंसुद्धा की आता बंद करावं काम." मग त्यांचा आवाज बदलला. "किती लोकांना मी साधा डाग लिहिलंय या तीन आठवड्यांत?"

बाई मोजून आल्या होत्या. "एकशे सात."

डॉक्टरांनी फोन उचलला. पलीकडे अधीक्षक होते. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की या एकशे सात माणसांवरची माझी मतं मी आत्ता मागे घेतोय, सगळ्यांना परत बोलवा, सगळ्यांचे फोटो याच बाईंकडून पुन्हा काढून घ्या आणि तोवर तुमच्या वेबसाइटवर माझं नाव ठेवू नका. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही," डॉक्टर म्हणाले, "त्यांचा हात मला समोर दिसतोय. ठीक आहे तो."

पोस्टमनच्या टाचेवरचा डाग त्याच आठवड्यात कापून काढला. डाग वाईटच निघाला, पण खोल गेला नव्हता. महिनाभर तो कुबडी घेऊन घरी बसला आणि दिसेल त्याला सांगत सुटला, की फोटोवाल्या बाईंकडून एकदा फोटो बिघडला म्हणून मी वाचलो. बाईंनी त्याला खरं काय ते नंतर सांगितलं. त्याने हॉस्पिटलला स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते बाईंना कळलं नाही, पण अधीक्षक आठवडाभर त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

एकशे सात जणांचे फोटो बाईंनी अकरा दिवसांत पुन्हा काढले. त्यांतले दोघे तातडीचे निघाले. एक शाळकरी मुलांची बस चालवणारी बाई आणि एक सुतार. कुणी चिडून आलं, कुणी रडत आलं. प्रत्येकाला हॉस्पिटलकडून छापील पत्र गेलं होतं: तांत्रिक सुधारणांमुळे आपली तपासणी पुन्हा करण्यात येत आहे. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. बुडवलेल्या माणसाला अंघोळ घातली म्हणण्यातलाच प्रकार तो.

यापुढे मूळ फोटो जपून ठेवायचे आणि डॉक्टरांना तेच दाखवायचे, असा नियम झाला. साहेब होते तिथेच राहिले. बाईंना मात्र एक खुलासा मागणारं पत्र आलं: रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय हॉस्पिटलबाहेर का नेला, तीन दिवसांत कळवा. बाईंनी पोस्टमनच्या सहीची प्रत जोडली आणि खाली लिहिलं, की हॉस्पिटलात ठेवला असता तर पुसला गेला असता, म्हणून. पुढे त्यावर काही आलं नाही.

पण गेलेलं गेलंच. ते कळलं पाच महिन्यांनी.

एक शिवणकाम करणारी बाई दर वर्षी यायची. तिच्या पाठीवर साठ-सत्तर तीळ होते आणि तिची आई अशाच एका तिळाने गेली होती. आठ वर्षं फोटोवाल्या बाई तिच्या पाठीचा नकाशा काढत आल्या होत्या. दर वर्षी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवायचा, एकही वाढला नाही म्हणायचं, की ती वर्षभर निर्धास्त. या वर्षी रजेवरून परतलेल्या डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो उघडले आणि नुसत्याच बघत राहिल्या. तीळ कुठले आणि डाग कुठले, काही कळत नव्हतं.

"तुलना करता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "तीन तीळ मला बरे वाटत नाहीत. जुने असतील तर काही नाही, नवे असतील तर काढायला हवेत. कळायला मार्ग नाही, म्हणून तिन्ही काढू."

"पण आठ वर्षांचे फोटो आहेत ना तुमच्याकडे?" शिवणकामवालीने फोटोवाल्या बाईंकडे बघून विचारलं.

 बाईंनी भिंतीवरचा फोन उचलला आणि तिसऱ्या मजल्यावर लावला. "साहेब, जरा खाली या. नाही, मशीन ठीक आहे. तुम्हीच या."

साहेब आले. दारात घुटमळले. शिवणकामवाली पाठीवर चादर ओढून स्टुलावर बसली होती.

"यांना सांगा," बाई म्हणाल्या. "यांचे आठ वर्षांचे फोटो कुठे आहेत ते."

"काही तांत्रिक कारणांमुळे जुना साठा—"

"सरळ सांगा."

खोली लहान होती आणि बाई दारात उभ्या होत्या. साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. तिथे ती पाठ होती, धुक्यात बुडाल्यासारखी. यापूर्वी त्यांनी असल्या फाइलींचे आकडेच पाहिले होते. आत काय आहे ते त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नसावं.

"मी काढून टाकले," ते म्हणाले.

"का?" शिवणकामवालीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"पान लवकर उघडावं म्हणून."

तिने चादर सावरली. "मला कधी घाई नव्हती हो," ती म्हणाली. "वर्षातून एकदा तर यायची मी. थांबले असते की."

 बाई दारातून बाजूला झाल्या, साहेब निघून गेले. मग बाईंनी दोन्ही दिवे लावले, मिलिमीटरची पट्टी काढली आणि त्या पाठीचा नकाशा पहिल्या तिळापासून पुन्हा काढायला घेतला.